विसरणारच आहेत, मग न्यायचं कशाला?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मौरी अव्हेन्यूवर ‘हब’ नावाचं मोठं दुकानसंकुल आहे. ऑगस्ट २००९मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिथे जमणाऱ्या एका मंडळावर लिहिलं होतं. भारतातून मुलांकडे आलेले वयस्कर पुरुष आठवड्यातले पाच दिवस तिथे यायचे, झाडांभोवतीच्या सिमेंटच्या कठड्यांवर बसायचे, थर्मासमधून आणलेला चहा प्यायचे. स्वस्त विमानतिकिटं, आसपासच्या चोऱ्यामाऱ्या, घरातल्या सुना असे गप्पांचे विषय. मंडळाचं नाव ‘हंड्रेड इयर्स लिव्हिंग क्लब’, म्हणजे शंभरी गाठणाऱ्यांचा क्लब. पुण्या-मुंबईत बागेच्या कोपऱ्यावर, देवळाच्या ओट्यावर किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत जे आपोआप घडतं, ते इथे या माणसांनी दुकानांच्या रांगेसमोर स्वतः घडवलं होतं. त्या लेखातली मोठी व्यथा एकटेपणाची होती. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी बोलता येत नाही, घरातले सगळे कामावर, आणि दिवसभर बोलायला कुणी नाही.

हे मंडळ स्मृतिभ्रंश झालेल्यांचं नव्हतं. तरी सुरुवात त्याच्यापासून करायची, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याची अडचण इथेच दिसते. कठड्यावर बसणाऱ्यांपैकी एखादा तोच प्रश्न चौथ्यांदा विचारू लागला, घरचा रस्ता चुकला, हिशेबात गोंधळू लागला, तर पुढे काय होतं? बहुतेक वेळा तो यायचाच बंद होतो. घरचे म्हणतात, “बाबांना आता बरं नसतं.” मित्र दोनदा फोन करतात, मग तेही थांबतात. बोलण्याची गरज सर्वात जास्त असते तेव्हाच माणूस बोलण्याच्या जागेतून वजा होतो.

फ्रीमाँटची घडण या वजाबाकीला हातभार लावते. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज या पाच जुन्या वस्त्या १९५६ साली एकत्र करून हे शहर झालं. त्यामुळे त्याला एक असा चौक नाही. पाच लहान केंद्रं आहेत आणि त्यांच्यामध्ये मैलोन्‌मैल रुंद रस्ते, कुंपणाची घरं, शांत गल्ल्या. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २ लाख ३० हजार भरली, त्यात निम्म्याहून जास्त आशियाई वंशाचे. मराठी घरं पुष्कळ आहेत, पण चालत जाऊन गाठता येतील अशी थोडी. इथे गाडीच्या किल्ल्या म्हणजे स्वातंत्र्य, आणि स्मृतिभ्रंशात त्या फार लवकर हातातून जातात. कॅलिफोर्नियात अल्झायमरसारख्या आजारांचं निदान झालं की डॉक्टरांना ते आरोग्य अधिकाऱ्याला कळवावंच लागतं आणि तिथून ते मोटार वाहन विभागाकडे जातं. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात चाचणी देऊन परवाना टिकू शकतो, पण पुढे नाही. परवाना गेला की देऊळ, वाचनालय, मित्र, भाजी सगळं एकदम दुसऱ्याच्या वेळेवर येतं.

अशा माणसाला कुठे न्यायचं म्हटलं की घरात एक वाक्य हमखास निघतं. “घरी येईपर्यंत त्या विसरणारच आहेत, मग न्यायचं कशाला?” विचारणारा निर्दयी नसतो. दमलेला असतो. आईला आंघोळ घालून, कपडे करून, गाडीत बसवून न्यायचं, तिथे दोन तास सांभाळायचं, आणि परत आल्यावर ती विचारणार, “आज आपण कुठेच गेलो नाही का?” या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, आणि ते देता येतं.

आयोवा विद्यापीठाच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमर झालेल्या १७ जणांना आणि तेवढ्याच निरोगी वृद्धांना चित्रपटांतले तुकडे दाखवले, एकदा दुःखाचे, एकदा आनंदाचे. काही मिनिटांनी काय पाहिलं हे विचारलं, तर आजारी माणसांना जवळजवळ काहीच सांगता येईना. पण पाहताना मनात आलेली उदासी किंवा प्रसन्नता मात्र तशीच होती, अर्ध्या तासानंतरच्या मोजणीतही. आणि ज्यांना तुकडा जितका कमी आठवत होता, त्यांची उदासी तितकी जास्त टिकली. मन जड झालंय, पण का झालंय ते सांगता येत नाही, म्हणून त्याची समजूतही घालता येत नाही. अल्झायमरचा पहिला घाव मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर आणि त्याच्या शेजारी पडतो. नव्या घटना नोंदवायचं काम तिथलं. भावना उमटवणारे भाग आणि हाताच्या सवयी सांभाळणारे भाग वेगळे आहेत, आणि ते बराच काळ तग धरतात. दोन तास कुणी हसून बोललं, कुणी टोकलं नाही, हाताला काम मिळालं, तर ते दोन तास आठवणीत राहणार नाहीत, पण त्यांतून आलेली निवांतता त्या माणसाबरोबर गाडीत बसते. अभ्यासाने मोजलं ते अर्ध्या तासापर्यंत. सांभाळणाऱ्यांना विचारलं तर ते संध्याकाळच्या जेवणापर्यंतचा फरक सांगतात.

असे दोन तास देणाऱ्या बैठकीला जगात एक ठरावीक रूप आलं ते नेदरलँड्समध्ये. बेरे मीसेन हे वृद्धांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांना दिसत होतं की हा आजार झालेल्या घरात नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी त्याबद्दल बोलत नाहीत. १५ सप्टेंबर १९९७ रोजी त्यांनी लायडन शहरात पहिलं ‘अल्झायमर कॅफे’ भरवलं. रचना साधी: आधी चहा-कॉफी, मग एखाद्या तज्ज्ञाशी किंवा आजार झालेल्या माणसाशीच सर्वांसमोर गप्पा, मग संगीत आणि मध्यंतर, मग प्रश्न, मग पुन्हा गप्पा. नाव नोंदवायचं नाही, निदानाचा कागद दाखवायचा नाही. आजारी माणूस, त्याची बायको, मुलगा, शेजारी, डॉक्टर सगळे एकाच खोलीत बसणार. आजाराचं नाव त्याच्यासमोर घेतलं जाणार आणि तरी सगळे चहा पिणार, यातच मोठं धाडस होतं. आज त्या छोट्या देशात अशी दोनशेहून अधिक ठिकाणं आहेत. अमेरिकेत २००८ साली न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे ही कल्पना आली आणि ‘मेमरी कॅफे’ या नावाने पसरली. अमेरिकेत व्याख्यान कमी आणि मौज जास्त, असा बदल झाला.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं आहे. आजार वेगळा, पण रीत तीच: नियमित सभा, सहल, गाणी, नाच, आणि दोघांनी मिळून यायचं. तिथे आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुढे मीही हेच शब्द वापरणार आहे.

शुभंकराबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण स्मृतिभ्रंशात औषधापेक्षा जास्त भार त्याच्यावर असतो. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांच्या गटाने ४०६ शुभंकरांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला. हे सगळे आजारी व्यक्तीचे नवरे किंवा बायका. अर्ध्यांना नेहमीची मदत मिळत राहिली. उरलेल्या अर्ध्यांना त्यांच्याशी आणि घरच्यांशी मिळून सहा वेळा सल्लामसलत, आधारगटात नियमित जागा आणि हवं तेव्हा फोनवर बोलायची सोय मिळाली. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. दुसऱ्या गटातल्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवायची वेळ सरासरी ५५७ दिवस उशिरा आली. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ माणूस आपल्या घरात राहिला, आणि त्यासाठी रुग्णाला एकही वेगळी गोळी दिली नव्हती.

हे ५५७ दिवस येतात कुठून, हे एखाद्या शुभंकरांच्या गटात बसलं की कळतं. एक सून बोलायला कचरत असते. सासूबाई म्हणतात की हिने माझ्या बांगड्या चोरल्या. फोनवर भारतातल्या नणंदेलाही तेच सांगतात आणि नणंदेला ते खरं वाटतं. समोर बसलेली दुसरी सून म्हणते, “आमच्याकडे पाटल्या. दर शनिवारी.” तिसरीकडे बँकेचं पुस्तक. वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही, ती गेली हे मात्र दिसतं, मग मेंदू त्या रिकाम्या जागेत सर्वात जवळचा माणूस बसवतो, हे डॉक्टरने दहा मिनिटांत समजावलेलं असतं. पण तो आरोप आपल्या वागण्यातून उगवलेला नाही, हे पटायला दुसऱ्या घरातल्या पाटल्या ऐकाव्या लागतात. तसंच रात्रीचं जागरण. तसंच दिवेलागणीला “मला घरी जायचंय” म्हणून दाराशी उभं राहणं. तसंच, बायको आपल्याला भाऊ समजते, हे सांगताना एखाद्या नवऱ्याचा आवाज बसणं. तिथे कुणी उपदेश करू नये. कुणी तरी एवढंच सांगावं की वाद घालू नका, “हो, जाऊ या, आधी चहा घेऊ,” म्हणा.

फ्रीमाँटमध्ये हे उभं करायला लागणारं पुष्कळसं सामान आधीच आहे. शहराचा मानवी सेवा विभाग ज्येष्ठांसाठी केंद्रं चालवतो. एक लेक एलिझाबेथच्या काठावर आणि दुसरं दक्षिण फ्रीमाँटमध्ये. याच शहराने ‘कम्युनिटी अ‍ॅम्बॅसडर’ नावाची एक चांगली योजना राबवली आहे. देवळं, गुरुद्वारा, मशिदी, चर्च आणि वेगवेगळ्या भाषांची मंडळं यांतल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार करायचं आणि त्यांनी आपल्या लोकांना आपल्या भाषेत सरकारी सोयींपर्यंत न्यायचं. मला ही योजना महत्त्वाची वाटते, कारण वृद्ध माणूस कार्यालयात येण्याची वाट न बघता ती त्याच्या देवळाच्या दारात जाते. महाराष्ट्र मंडळातल्या दोघांनी असं शिक्षण घेतलं तर निम्मं काम झालं.

भाषेचा मुद्दा शुभार्थीसाठी फार जिव्हाळ्याचा आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने ६४८ रुग्ण पाहिले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली, आणि हा फरक निरक्षर माणसांतही होता. २०१३चा हा अभ्यास आपल्यासारख्या बहुभाषी लोकांना धीर देणारा आहे. पण आजार पुढे सरकला की बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. चाळीस वर्षं सिलिकॉन व्हॅलीत इंग्रजीत काम केलेला अभियंता हळूहळू फक्त मराठीत उरतो. समोर नातवंडं इंग्रजी बोलणारी, मदतीला आलेली बाई दुसऱ्याच भाषेची, दिवसाच्या केंद्रातली बैठक इंग्रजीत. त्याच्या गप्प बसण्याला लोक आजार वाढल्याचं लक्षण समजतात. त्याला मराठी माणसांत बसवून बघितल्याशिवाय हे ठरवू नये.

तेव्हा मराठीतली बैठक. महिन्यातून दोनदा, दोन तास, आणि सकाळीच, कारण दुपार उतरली की गोंधळ वाढतो. कुणाच्या घरी नको. यजमानीण स्वयंपाकात अडकते आणि तिच्या गालिच्यावर काही सांडलं की आलेली माणसं पुन्हा येत नाहीत. खोली आवाज न घुमणारी हवी, कारण ऐकू कमी येणं हे बऱ्याच जणांचं दुसरं दुखणं असतं. हाताच्या खुर्च्या हव्यात. स्त्री-पुरुष दोघांना एकत्र जाता येईल असं स्वच्छतागृह जवळ हवं. ही गोष्ट फार कमी जणांना आधी सुचते, पण बायकोला नेणारा नवरा अशा सोयीवाचून महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाही. दारातच प्रत्येकाच्या छातीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत नावाची चिठ्ठी लावायची, स्वयंसेवकांच्याही, म्हणजे कुणाचं नाव आठवायची परीक्षा कुणालाच नको. खायला शिरा, उपमा असं मऊ काहीतरी. कोरडा चिवडा आणि शेंगदाणे नकोत. आजार वाढला की गिळताना ठसका लागतो.

आणि एक नियम फळ्यावर लिहून ठेवावा: “ओळखलंत का मला?” असं कुणी विचारायचं नाही. आपल्या लोकांची ही फार जुनी सवय आहे, प्रेमातूनच आलेली, पण ज्याला उत्तर येत नाही त्याला ती भर सभेत उघडं पाडते. “मी अमुक, चिपळूणकडची,” असं स्वतःच सांगून टाकावं. लंडनमध्ये एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गटांसाठी १४ बैठकींचा एक क्रम बसवला. २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले तेव्हा शुभार्थींच्या स्मरणाच्या चाचण्यांत आणि जगण्याच्या समाधानात मोजता येईल इतका फरक दिसला. त्यांच्या पद्धतीचं मर्म हे की माहिती विचारू नका, मत विचारा. पुरणपोळी कोणत्या डाळीची, हा प्रश्न चुकू शकतो. पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर, याला चूक उत्तरच नाही, आणि त्यावर खोली दोन तटांत विभागते. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. एखादं चमत्कारिक चित्र समोर ठेवायचं आणि आठवण न विचारता गोष्ट रचायला लावायची. कुणी काहीही म्हटलं तरी ते लिहून घ्यायचं आणि शेवटी सगळी गोष्ट मोठ्याने वाचायची.

मराठी वृद्धांजवळ या पद्धतीला लागणारं धन भरपूर आहे. सत्तरी-ऐंशीतल्या अनेकांनी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी पाठ केली. एकाने सुरुवात केली की बाकीचे सूर धरतात, आणि ज्याला नातवाचं नाव सांगता येत नाही त्याची दिडकी शेवटपर्यंत जाते. आरत्या, अभंग, भोंडल्याची गाणी यांचंही तसंच. हातांनाही काम द्यावं: कापसाच्या वाती वळणं, गवार मोडणं, मेथी निवडणं. बोटांना हे कसं करायचं ते विचारावं लागत नाही, आणि निवडलेली मेथी खरोखर कुणीतरी घरी न्यावी. पुरुषांनाही बसवावं. सुरुवातीला ते “हे बायकांचं” म्हणतात, मग शेजारचा मोडतोय म्हटल्यावर हात घालतात. मधला अर्धा तास शुभंकरांना शेजारच्या खोलीत द्यावा, आणि तेवढ्यात शुभार्थींजवळ स्वयंसेवक असावेत.

घरं हे का लपवतात? “साठी बुद्धी नाठी” म्हणून विषय मिटवण्याची सवय आहे. घरात लग्नाची मुलं असली की “वेडाचा शिक्का” बसेल ही भीती आहे. अमेरिकेत आणखी एक: आम्ही आईबाबांना इथे आणून सुखात ठेवलं, या चित्राला तडा जातो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट अशा घरांनी एकत्र बसून पाहावा असं मला मनापासून वाटतं. डॉ. मोहन आगाशे त्यात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित आहेत. हत्तीच्या मागे चालत ते हरवतात. त्यांची मुलगी अपराधी भावनेने शोधत फिरते, आणि माहुताची बायको त्यांना काहीही न विचारता, काहीही सिद्ध करायला न लावता सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि ते त्यांच्या डोळ्यांतल्या संभ्रमात दिसतं.

सहा महिने फ्रीमाँट, सहा महिने पुणे ही अनेक घरांची रीत आहे. निदान झाल्यावर तिचा पुन्हा विचार करावा. साडेबारा ते साडेतेरा तासांचा वेळेचा फरक, उलटलेली रात्र, बदललेलं स्नानघर यांनी शुभार्थीचा गोंधळ महिनाभर वाढलेला राहतो, आणि गट धरून ठेवायचा तर एका जागी राहणं बरं. पैशांच्या सोयी कागदावर अवलंबून असतात, आणि गटात त्यांची देवाणघेवाण फार उपयोगी पडते. ग्रीनकार्डावर सलग पाच वर्षं झाल्याशिवाय पासष्टी ओलांडलेल्या आईवडिलांना मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा विकत घेता येत नाही. ज्यांना पारंपरिक मेडिकेअर आहे आणि जे घरीच राहतात, त्यांच्यासाठी जुलै २०२४पासून ‘गाइड’ नावाची योजना सुरू झाली. तिच्यात सामील संस्था एक मार्गदर्शक देतात, आणि आजार पुढच्या टप्प्यात असेल तर शुभंकराला सुटी मिळावी म्हणून वर्षाला २५०० डॉलरपर्यंतची बदली मदत मिळते. नोकरी करणाऱ्या मुलाला किंवा सुनेला कॅलिफोर्नियात आठ आठवड्यांपर्यंत सशुल्क कुटुंबरजा घेता येते, सासू-सासऱ्यांसाठीसुद्धा, आणि २०२५पासून त्यात पगाराच्या ७० ते ९० टक्के रक्कम मिळते. मेडिकॅल हा कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा आरोग्यविमा असलेल्या वृद्धाला घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकाला राज्याकडून तासांप्रमाणे मोबदला मिळू शकतो. अनेकांना हे फार उशिरा कळतं.

गट सुरू करताना एक गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावी, कारण नंतर ती बोलायला जड जाते. शुभार्थी अंथरुणाला खिळला किंवा गेला तर शुभंकराने यायचं का? यायचं. त्याची खुर्ची ठेवायची. डॉक्टर काय म्हणतील, कोणतं केंद्र चांगलं, नळी घालायची की नाही, भावाला भारतातून कधी बोलवायचं, हे सगळं जो नुकता पार करून आला आहे त्याच्याजवळ जेवढी माहिती आहे तेवढी कोणत्याही पत्रकात नसते. शिवाय सात-आठ वर्षं चोवीस तास कुणाला सांभाळल्यानंतर त्या माणसाला मंगळवारी सकाळी दहा वाजता जायला एक जागा लागते. चहाच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे द्यावी आणि दाराशी येणाऱ्या नव्या जोडीला आत आणायचं काम त्याला सांगावं.